तिरंग्याआधीचा तांबडा

तिरंग्यातला कोणता रंग कशाचं प्रतीक, हे चौथीतल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा. केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा, हिरवा समृद्धीचा. उत्तर घडाघडा येतं आणि पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीनं ज्या ठरावानं हा झेंडा स्वीकारला, तो ठराव काढून वाचला तर त्यात त्याग नाही, शांती नाही, समृद्धीही नाही. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे सारख्या मापाचे तीन आडवे पट्टे. पांढऱ्याच्या मधोमध चरख्याची खूण म्हणून गडद निळं चक्र. चक्राचा नमुना सारनाथच्या सिंहशीर्षाखालच्या पट्टीवरचा. झेंड्याच्या रुंदीला लांबीचं प्रमाण दोनास तीन. बस. शिंप्याला माप लिहून द्यावं तसा ठराव आहे. चक्र कशाचं ते सांगितलंय, रंग कशाचे ते नाही.

हे मौन मला फार आवडतं. ते नजरचुकीनं राहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्यामागं सव्वीस वर्षांची भांडणं होती.

मी सोलापूरची. आमच्या गावाचं पोट सुतावर, आणि सुताची किंमत रंगावर. वडील एका डाईंगमध्ये होते. चादरीचं सूत रंगून, वाळून आलं की त्याची लड हातात घेऊन नमुन्याशी ताडून बघायची, हे त्यांचं काम. दिवेलागणीनंतर ते कुठलीही शेड पास करत नसत. व्यापारी दारात उभा राहून कितीही घाई करो, 'उजाडल्यावर बघू' हे ठरलेलं उत्तर. ट्यूबलाइटखाली दोन तांबडे जुळे भाऊ वाटतात आणि सकाळी उन्हात नेले की एक विटकरीकडे झुकलेला असतो, दुसरा जांभळ्याकडे. रंग म्हणजे नेमकं काय, हे त्यामुळे आमच्या घरात कुणी गृहीत धरत नसे. कोणत्या उजेडात, कुणाच्या डोळ्यांना, कशाशेजारी ठेवून, हे आधी विचारायचं.

शाळेच्या वाटेवर चार हुतात्म्यांचे पुतळे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. सोलापुरात ही नावं एका दमात घेतात. एप्रिल १९३० मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा चढला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं, गोळीबार झाला, इंग्रजी अंमलदार गाव सोडून गेले आणि तीनेक दिवस सोलापूर कुणाच्याच हुकमतीखाली नव्हतं. मग १२ मेला मार्शल लॉ आला आणि झेंडा घेऊन रस्त्यानं जाणं हाच गुन्हा झाला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. आरोप खोटा होता असं सोलापूर आजही मानतं. दर जानेवारीत पुतळ्यांना हार पडतात, आजूबाजूला तिरंगे लागतात, लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी वाजतात.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. फाशी जानेवारी १९३१ ची. काँग्रेसच्या झेंड्यात केशरी रंग आला ऑगस्ट १९३१ मध्ये. नगरपालिकेवर चढलेला, मार्शल लॉच्या शिपायांनी हिसकावून घेतलेला तो झेंडा पांढरा, हिरवा आणि तांबडा होता, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. त्यात केशरी धाग्यापुरताही नव्हता. १ मे १९२३ ला नागपुरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला, जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल सूत्रं हाती घ्यायला आले, देशभरातून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत राहिल्या आणि सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर पकडल्या जात राहिल्या. तो झेंडाही हाच. ज्या झेंड्यासाठी माणसं तुरुंगात गेली, तो आज आपण कुठल्याही इमारतीवर लावत नाही. बहुतेकांना तो दाखवला तर ओळखूही येणार नाही. परदेशातला एखादा म्हणतील. आणि ते अगदीच चूक नाही, कारण वरून खाली पांढरा, हिरवा, तांबडा हा क्रम बल्गेरियाचा आहे. चरखा काढला की आपला १९२१ चा झेंडा आणि बल्गेरियाचा झेंडा यांत फरक उरत नाही.

हा झेंडा जन्मला बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्यात. १९२१ च्या वसंतात तिथं काँग्रेसची महासमिती भरली होती. मच्छलीपट्टणचे पिंगली वेंकय्या कित्येक वर्षं झेंड्यांचे नमुने करत होते. त्यांनी तांबडा आणि हिरवा असा दुरंगी झेंडा केला; जालंधरच्या लाला हंसराजांच्या सूचनेवरून त्यावर चरखा आला; पांढऱ्याची भर गांधीजींनी घातली. १३ एप्रिलच्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी अर्थ सांगितला तो अगदी उघड: तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी साऱ्या धर्मांचा. त्यांची मांडणी लोक विसरलेत, पण ती मला विलक्षण वाटते. संख्येनं जे सगळ्यात थोडे, त्यांचा पांढरा सगळ्यात वर. जे सगळ्यात जास्त, त्यांचा तांबडा सगळ्यात खाली, म्हणजे बळकटानं दुबळ्याला आधार द्यायचा. आणि पट्टे तिन्ही सारखे, कुणाचा वीतभरही मोठा नाही. लोकशाहीत बहुसंख्यांनी कुठं उभं राहावं याबद्दल इतकं नेमकं विधान कापडावर क्वचित केलं गेलं असेल.

तरीही हा अर्थ टिकणारा नव्हता. रंग माणसांना वाटून दिले की उरलेली माणसं आपला वाटा मागायला येणारच. शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठं आहे? प्रश्न रास्त होता. पांढऱ्यात 'बाकीचे' म्हणून बसायला कुणाला आवडेल? आणि शिखांना एक पट्टा दिला असता तर पारशी, ख्रिस्ती, जैन, बौद्ध यांना काय सांगणार होतो? आणि हिंदूंचा म्हणून ठरवलेला तांबडा कुठल्या हिंदूंचा, हा प्रश्न तर कुणी मोठ्यानं विचारलाही नव्हता. वाटणीचं तत्त्व मान्य केलं असतं तर झेंड्याचं इंद्रधनुष्य झालं असतं आणि तरी कुणीतरी रुसलंच असतं.

एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेस कार्यसमितीनं सात जणांची समिती नेमली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या. आणि मराठी वाचकाला जवळची दोन नावं, साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे, हिंदुस्थानी सेवा दलाचे ना. सु. हर्डीकर. या समितीनं काय सुचवलं हे आज सांगितलं तर दोन्हीकडचे लोक बुचकळ्यात पडतील. त्यांनी सुचवला अख्खा केशरी झेंडा, एकरंगी, काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी चरखा. नेहरू, आझाद आणि तारासिंग ज्या समितीत होते तिची ही शिफारस. तेव्हा केशरी हा त्यांना कुणा एकाचा रंग वाटला नाही. पुरातन, उठून दिसणारा, सगळ्यांनाच जवळचा वाटला. आज असा प्रस्ताव कुणी मांडला तर त्याच्यावर दहा दिवस टीव्हीवर चर्चा चालेल, आणि समितीतली नावं वाचून दाखवली तरी कुणाचा विश्वास बसणार नाही.

ऑगस्टमध्ये मुंबईला महासमिती भरली आणि तिनं ही शिफारस नाकारली. तीन रंग लोकांच्या डोळ्यांत बसले होते, त्यांच्यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. ते मोडायला कुणाचं मन होईना. मधला मार्ग निघाला. तांबड्याच्या जागी केशरी आला आणि तळातून वर गेला. पांढरा मध्ये, हिरवा खाली, चरखा पांढऱ्यावर. शिवाय ठरावात स्पष्ट लिहिलं की रंगांना कुठलाही धार्मिक अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. जमातींच्या जागी गुण आले. क्रम बदलल्यावर गांधीजींची ती जुनी मांडणी, वर थोडे आणि खाली पुष्कळ, आपसूकच गेली. तिच्याबद्दल फार कुणी हळहळल्याचं दिसत नाही. मला मात्र हळहळ वाटते.

१९४७ च्या ठरावावर बोलताना नेहरू सभागृहात म्हणाले की झेंडा तयार झाला तेव्हा त्याच्या रंगांना जातीय अर्थ नव्हताच, लोकांनी उगाच तो लावला. १९३१ च्या झेंड्यापुरतं हे खरं. १९२१ च्या झेंड्याला हे लागू पडत नाही, आणि नेहरूंना ते ठाऊक नसेल असं शक्य नाही. पण जुलै १९४७ होता, पंजाब पेटत होता, फाळणी तीन आठवड्यांवर आली होती. त्या दिवसांत 'हिरवा कुणाचा' हा प्रश्न सभागृहात उघडणं म्हणजे काय, हे आपण समजू शकतो. इतिहासकाराला हे विधान खटकेल. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं दुसरं काही बोलायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. ठरावात अर्थ न लिहिण्याचं शहाणपण त्याच वातावरणातून आलं असावं.

त्याच बैठकीत राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ सांगितला तो पुन्हा निराळाच: केशरी वैराग्याचा, पांढरा प्रकाशाचा आणि सत्याच्या वाटेचा, हिरवा आपल्या मातीशी आणि वनस्पतींशी असलेल्या नात्याचा. म्हणजे एकट्या हिरव्याचा हिशेब मांडला तर १९२१ मध्ये मुसलमान, १९३१ मध्ये श्रद्धा आणि शौर्य, १९४७ मध्ये माती आणि झाडं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात समृद्धी. हिरवा तोच आहे. जवळपास तोच, नेमकी शेड १९२१ मध्ये काय होती हे माझ्या वडिलांनी सांगितलं असतं, पण उन्हात नेऊन बघायला नमुना हवा.

झेंडा ठरवणाऱ्या समितीत डॉ. आंबेडकरही होते. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष, आझाद, सरोजिनी नायडू, राजाजी, मुन्शी हे इतर सदस्य. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवलंय की मुंबईच्या हिंदू महासभेची मंडळी त्यांना विमानतळावर भेटली आणि भगवा झेंडा त्यांच्या हाती दिला. सावरकरांनीही आपलं म्हणणं तारेनं कळवलं होतं. त्यांचा रोख चरख्यावर होता. चरखा गेला, चक्र आलं, आणि दुखावले गेले ते गांधीजी. झेंड्यावर चरखा नसेल तर तो कितीही कलात्मक असो, त्याला मी वंदन करणार नाही, अशा आशयाचं त्यांनी लिहून ठेवलंय. ठरावातलं 'चरख्याची खूण म्हणून चक्र' हे शब्द त्यांची समजूत काढण्यासाठी तर नसतील? नेहरूंनी सभागृहापुढे दोन झेंडे ठेवले होते, एक रेशमी आणि एक खादीचा. रेशमाची गरज होती का, हे त्या वेळी कुणी विचारलं असेल तर मला ते वाचायला आवडेल.

यातला सगळ्यात जुना झेंडा पाहायचा तर पुण्यात केसरीवाड्यात जावं लागतं. मादाम कामांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टला, आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत जो झेंडा फडकावला, तो पुढं इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला आणि इथं तो काचेआड जपून ठेवलाय. वर हिरवा, त्यावर आठ प्रांतांची आठ कमळं. मध्ये पिवळसर केशरी, त्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. खाली तांबडा, त्यावर सूर्य आणि चंद्रकोर. हिरवा वर आहे म्हणून १९०७ मध्ये कुणाचं काही बिघडलं नव्हतं. कमळ हिरव्यावर आहे म्हणूनही नाही. मी गेले तेव्हा माझ्यापुढं सहलीची मुलं होती. त्यांच्यातल्या एकीनं बाईंना विचारलं, 'बाई, हा उलटा का लावलाय?' बाईंनी 'चल पुढं' म्हटलं.

आपल्या देशाची सगळी औद्योगिक मानकं जिथून सुरू होतात ते भारतीय मानक क्रमांक १ म्हणजे राष्ट्रध्वज. १९५१ मध्ये ते निघालं, पुढं १९६४ आणि १९६८ मध्ये सुधारलं. सिमेंट, पोलाद, विजेची तार, सगळं नंतर. त्यात ठरावाचं 'गडद केशरी' पुरत नाही. रंगाची नेमकी छटा दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांत दिलेली आहे, उजळता टक्क्यांत. केशरीची उजळता २१.५ टक्के, हिरव्याची ८.९. सूत किती पिळाचं, शिवण कशी, धुतल्यावर आणि उन्हात ठेवल्यावर रंग किती उतरला तर चालेल, हेही लिहिलेलं. मापं नऊच; सगळ्यात मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात लहान १५० बाय १००, टेबलावर ठेवायचं. हे सगळं पाळून झेंडा करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हुबळीजवळच्या बेंगेरीतला खादी ग्रामोद्योग संघ, आपल्याकडं नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. ठरावानं अर्थ मोकळा सोडला आणि मानकानं शेड पक्की बांधली. जिथं ढिलाई हवी तिथं ढिलाई आणि जिथं काटेकोरपणा हवा तिथं काटेकोरपणा, असं आपल्या सरकारी कागदांत फार वेळा घडत नाही.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली. पॉलिएस्टरचा, यंत्रावर केलेला झेंडा चालू लागला. पुढच्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लागला तेव्हा सोलापूरच्या आमच्या गल्लीत मी निदान सहा वेगवेगळे केशरी पाहिले. एक गाजराचा, एक जवळपास गुलाबी, एक उन्हानं आठवड्यात पिवळा पडलेला. हिरव्याचंही तेच. कुणाची देशभक्ती त्यामुळे कमी झाली असं नाही, लोकांनी हौसेनं लावले होते. पण हुबळी-नांदेडच्या विणकर बायांच्या हातचं काम कमी झालं, हे मला सलतं. (त्याच आठवड्यात मिठाईच्या दुकानात तिरंगी ढोकळा, तिरंगी बर्फी, हॉटेलात तिरंगी पुलाव. चक्र मात्र कुणीच करत नाही. निळं खायला आपली जीभ अजून तयार नाही.)

निळ्याची गोष्ट निराळी. तिरंग्यात तो चक्रापुरता, पण जगात भारताची ओळख खेळाच्या मैदानावर निळीच आहे. १९८५ च्या मार्चमध्ये मेलबर्नला गावसकरांच्या संघानं पाकिस्तानला हरवून बेन्सन अँड हेजेस स्पर्धा जिंकली, रवी शास्त्रींना ऑडी मिळाली, आणि सगळा संघ त्या गाडीवर चढून मैदानभर फिरला, ते चित्र आठवून बघा. फिकट निळे कपडे. आपल्या मध्यमवर्गाच्या घरात रंगीत टीव्ही आला त्याच सुमारास हा निळा आला आणि राहिला. निळाच का, याला कुठला ठराव नाही, कुणाचं भाषण नाही. तरी आज स्टेडियम भरतं ते निळ्यानं. महाराष्ट्रात तर निळ्याला आणखी मोठी जागा आहे. रिपब्लिकन चळवळीचा झेंडा निळा, चौदा एप्रिलला रस्ते निळे, आणि तिरंग्यातल्या चक्राचा निळा तो बाबासाहेबांचा निळा, अशी सांगड पुष्कळांनी मनाशी घातलेली आहे. ठरावात ती नाही. म्हणून ती खोटी आहे असं म्हणणारी मी कोण? ठरावानं जागा मोकळी ठेवलीय, त्या जागेत लोक आपलं काही ठेवतात.

३० जून २०१९ ला बर्मिंगहॅमला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात भारतीय संघ नारिंगी कपड्यांत उतरला. इंग्लंडही निळा, म्हणून पाहुण्यांनी दुसरा रंग घालायचा, एवढाच नियम. पण सामन्याआधीच हा भगवा आहे की नारिंगी यावरून आपल्याकडं रणकंदन झालं. भारत ३१ धावांनी हरला, तेव्हा कुणी पराभवाचं खापर कपड्यांवर फोडलं. कालेलकर-आझादांच्या समितीला जो रंग सगळ्यांचा वाटला होता, तो अठ्ठ्याऐंशी वर्षांत क्रिकेटच्या शर्टावरही वादाशिवाय राहू शकला नाही. यात रंगाचा काय दोष?

एखाद्या गटानं एखादा रंग मुठीत धरला की बाकीचे त्याच्यापासून लांब सरकतात. ब्राझीलच्या फुटबॉल संघाचा पिवळा शर्ट हे याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण. १६ जुलै १९५० ला माराकानावर उरुग्वेनं ब्राझीलला २-१ नं हरवलं तेव्हा ब्राझीलचा संघ पांढऱ्यात खेळत होता. तो पांढरा अपशकुनी ठरला. 'कोरेउ दा मान्या' या वृत्तपत्रानं १९५३ मध्ये नव्या पोशाखाची स्पर्धा लावली. अट एकच, झेंड्यातले चारही रंग यायला हवेत. उरुग्वेच्या सीमेवरच्या जाग्वाराव गावातल्या आल्दिर श्ले नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं चित्र निवडलं गेलं. पिवळा शर्ट, हिरवी किनार, निळी चड्डी, पांढरे मोजे. गंमत म्हणजे श्ले स्वतः उरुग्वेच्या बाजूचा. १९५८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तर स्वीडनही पिवळं, त्यामुळे ब्राझील निळ्या शर्टात खेळून जगज्जेतं झालं. खेळाडू बिचकले होते, तेव्हा संघप्रमुखांनी त्यांना सांगितलं की हा आपल्या अपारेसिदा मातेच्या वस्त्राचा रंग आहे. अर्थ असा ऐन वेळी, ड्रेसिंग रूममध्येही सापडतो. पुढं पेलेंसोबत पिवळा जगाच्या भिंतींवर लागला. आणि मग २०१४ नंतरच्या मोर्च्यांत एका बाजूच्या लोकांनी तोच शर्ट घालायला सुरुवात केली. ८ जानेवारी २०२३ ला ब्राझिलियात संसदेत आणि सर्वोच्च न्यायालयात घुसलेल्या जमावाच्या अंगावर तोच पिवळा होता. तेव्हापासून अनेक ब्राझिलियन माणसं विश्वचषकाच्या दिवशीही कपाटातून तो शर्ट काढताना विचार करतात. त्या पिवळ्याचा मूळ अर्थ विचाराल तर तो सोन्याचा नाहीच. सम्राट पहिल्या पेद्रूच्या ब्रगांझा घराण्याचा हिरवा आणि त्याच्या हाब्सबुर्ग राणीचा पिवळा. राजेशाही १८८९ मध्ये गेली, रंग राहिले, आणि शाळेतली मुलं हिरवा जंगलांचा, पिवळा सोन्याचा असं शिकू लागली. आपल्या चौथीतल्या मुलांसारखंच.

हॉलंडमध्ये नारिंगीचं उलटं झालं. राजघराण्याचा नारिंगी झेंड्यातून निघून गेला. तिथल्या नाझींच्या बगलबच्च्यांनी नारिंगी-पांढरा-निळा झेंडा आपला करायला घेतला तेव्हा १९३७ च्या फेब्रुवारीत राणी विल्हेल्मिनानं फर्मान काढून लाल, पांढरा, निळा हेच रंग कायम केले. तरी फुटबॉलच्या दिवशी अख्खा देश नारिंगी होतो, आणि तो कुठल्या एका पक्षाचा राहिलेला नाही.

आपल्याकडं भगवा, निळा, हिरवा, पिवळा या रंगांची गल्लोगल्ली वाटणी झालीय हे महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. चौकातल्या खांबावर कुठला झेंडा आधी लागला, कमान कुठल्या रंगाची, मिरवणुकीत गुलाल कुणाचा, यावरून पोलीस बंदोबस्त लागतो. बरीच माणसं दुरून रंग बघून वाट बदलतात. अशा काळात आमच्या सोलापुरात कुर्बान हुसेन आणि मल्लप्पा धनशेट्टी यांचे पुतळे एका ओट्यावर उभे आहेत. गांधीजींच्या वाटणीनुसार १९२१ च्या झेंड्यातला हिरवा हुसेनांचा आणि तांबडा उरलेल्या तिघांचा. हुसेनांनी त्यातला फक्त मधलाच पट्टा आपला मानला असेल, हे काही मला पटत नाही. ते 'गझनफर' नावाचं पत्र चालवत, कामगारांत काम करत, आणि चोवीसेक कोटी हिंदूंच्या तांबड्याखालून चालत येरवड्याला गेले.

म्हणून एक मागणं आहे, शिक्षकांपाशी आणि शाळांच्या संस्थाचालकांपाशी. वर्गात तिरंग्याचा जो तक्ता लावता, त्याच्या शेजारी १९०७ चा हिरवा-पिवळा-तांबडा आणि १९२१ चा पांढरा-हिरवा-तांबडा हे दोन्ही झेंडे लावा, खाली वर्ष घाला, आणि अर्थाची ओळ कोरी सोडा. सोलापूर आणि नागपूरच्या शाळांनी तर हे यंदाच्या पंधरा ऑगस्टच्या आत करावं. खर्च दोन कागदांचा आहे.